पलटणीचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला आकाशवाणीवर बोलावलं की तो पावसावर बोलेल, आईवर बोलेल, फार तर भाषेवर बोलेल अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज लिलावावर बोलणार आहे. गुराढोरांच्या नव्हे, पडक्या हवेल्यांच्याही नव्हे, तर कबड्डीपटूंच्या. घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी लोक रेडिओ लावतात ते दोन घटका करमणूक व्हावी म्हणून. तुमचा हिशेब कोण ऐकणार?" आमच्या घरातलं बोलणं दखनीत होतं, ते मी तुम्हाला मराठीत सांगतोय. दखनीत ती यापेक्षा बरंच झोंबणारं बोलली.

तर मी पुणेरी पलटणचा चाहता आहे. छत्रपती संभाजीनगरचा माणूस पुण्याच्या संघाच्या मागे का, असं मला पुष्कळांनी विचारलं. मराठवाड्याचा स्वतःचा संघ प्रो कबड्डीत नाही. महाराष्ट्राचे संघ दोनच, मुंबईचा यू मुम्बा आणि पुण्याचा पलटण. आमच्या गल्लीत दोन्ही पक्ष आहेत. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात दोघांची जुंपते आणि हॉटेलवाला तेवढ्यात चार कप जास्त विकतो. मी पुण्याकडे झुकलो त्याचं कारण सामने नाहीत. सुरुवातीच्या दोन हंगामांत, २०१४ आणि २०१५ साली, पलटण दोन्ही वेळा तळाला होती. तिकडे मुंबईने पहिल्या वर्षी अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्या वर्षी विजेतेपद घेतलं. तळाच्या संघाचा चाहता होण्यात एक सोय असते. जिंकायची घाई नसते, त्यामुळे संघ कसा बांधतात याकडे लक्ष जातं. माझं लक्ष तिथे गेलं आणि मग तिथेच राहिलं.

खेळाडू निवडण्याच्या दोन रीती जगात चालतात. एक लिलावाची, दुसरी ड्राफ्टची. ड्राफ्ट हा शब्द आपल्याकडे बँकेमुळे माहीत आहे, पण हा वेगळा. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात लांबुळका चेंडू घेऊन धावतात त्या खेळात, १९३६ पासून ही पद्धत आहे. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करायची आणि संघांनी पाळीपाळीने त्यातला एकेक उचलायचा. गंमत अशी की पहिली पाळी मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची. विजेत्याची सगळ्यात शेवटी. दुबळ्याला आधी वाढा, म्हणजे पुढच्या वर्षी पंगत बरोबरीची होईल, हा त्यातला विचार. मला तो फार आवडतो. आपल्याकडच्या पंगतीत हे कधी पाहिलं नाही. १९३६ च्या त्या पहिल्या निवडीत सगळ्यात आधी ज्याचं नाव पुकारलं तो जे बर्वँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. नोकरीधंद्याला लागला. निवड करणाऱ्यांच्या खोलीत त्याची तसबीर लावून ठेवावी असं मला वाटतं.

आपल्याकडे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने २०१४ ते २०१७ या काळात अशी पाळीपाळीची निवड करून पाहिली. पुण्याचा तेव्हा एफसी पुणे सिटी हा संघ होता, बालेवाडीला खेळायचा. त्यांनी पहिल्या वर्षी फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातला डेव्हिड त्रेझेगे आणला, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू. दोघेही नामांकित, पण दोघांचीही उमेद सरत आलेली. २०१५ च्या लिलावात युजीनसन लिंगडोहसाठी त्यांनी एक कोटी पाच लाख मोजले. त्याच दिवशी मुंबई सिटीने सुनील छेत्रीला एक कोटी वीस लाखांना घेतलं. पुणे सिटी उपान्त्य फेरीत पोचली ती थेट २०१८ मध्ये, आणि २०१९ मध्ये संघच बंद झाला. आमच्या शहरात आमखास मैदानावर फुटबॉल खेळणारी पोरं आहेत, त्यांतली काही तेव्हा पुणे सिटीचे शर्ट घालून फिरायची. संघ गेला, शर्ट राहिले. अजून एखादा दोरीवर वाळताना दिसतो.

कबड्डीचं तसं झालं नाही. मे २०१४ मध्ये मुंबईत पहिला लिलाव झाला तेव्हा सर्वांत जास्त बोली लागली राकेशकुमारवर, पाटण्याने लावलेली, बारा लाख ऐंशी हजार. तेव्हा आम्ही हॉटेलात तोंडात बोटं घातली होती. हुतूतू खेळायचे बारा लाख! २०२३ च्या ऑक्टोबरात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाख पन्नास हजारांना घेतलं. नऊ वर्षांत वीसपट. जमिनीचे भावसुद्धा आमच्या वाळूजकडे इतके वाढले नाहीत.

या आकड्यामागचं गणित समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही, म्हणून दोन मिनिटं घेतो. दहाव्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती पाच कोटी. त्याआधी ती चार कोटी चाळीस लाख होती. संघात किमान अठरा खेळाडू हवेत. टायटन्सने एकट्या पवनवर निम्म्याहून जास्त पैसे घातले. उरलेल्यांत सगळा संसार. कबड्डीत मैदानावर सात जण असतात आणि चढाईला एक वेळी एकच जातो. पवनसारखा मोहरा पकडला गेला की तो बाहेर बसतो आणि उरलेल्या सहांनी गुण मिळवून त्याला जिवंत करायचं असतं. ते सहा जण स्वस्तातले असतील तर तो बाहेरच बसून राहतो. झालंही तसंच. त्या हंगामात बावीस सामन्यांत टायटन्स दोन जिंकले आणि शेवटच्या क्रमांकावर राहिले. यात पवनचा काय दोष? तो उत्तम खेळाडू आहे. दोष असेल तर हिशेब करणाऱ्याचा.

त्याच्या आदल्या वर्षी याच पवनसाठी तमिळ थलैवाजने दोन कोटी सव्वीस लाख मोजले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो अख्ख्या हंगामाला मुकला. आता हे संपले, असं सगळे म्हणाले. मग नरेंदर कंडोला नावाचं एक नवं पोरगं उभं राहिलं, आपला अजिंक्य पवार त्याच्या जोडीला होता, आणि तो संघ उपान्त्य फेरीत पोचला. सव्वादोन कोटी बाकावर बसलेले आणि नवी पोरं मैदान मारतायत. याच्याही आधी, २०१८ मध्ये, हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतला एक कोटी एक्कावन्न लाखांना घेतलं होतं, त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली, आणि संघ आपल्या गटात तळाला गेला. असे दाखले मी हॉटेलात दिले की समोरचे म्हणतात, "शायरसाहेब, तुम्हाला श्रीमंतांचं दुःख फार." दुःख नव्हे, पण आकडे बोलतात तेव्हा ऐकावं.

आता पलटण. आठव्या हंगामाचे सामने २०२१ च्या डिसेंबरपासून बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना झाले. करोनाचे दिवस. पलटणकडे राहुल चौधरी, नितीन तोमर अशी भारदस्त नावं होती, आणि मार्गदर्शक होता अनुपकुमार. सुरुवात वाईट झाली. मोठी नावं चालेनात. मग अधूनमधून दोन पोरांना चढाईला पाठवायला लागले. एक हरियाणाचा मोहित गोयत, दुसरा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. टाकळीभान म्हणजे आमच्याकडून गोदावरी ओलांडली की हाकेच्या अंतरावर. ही पोरं संघाच्या स्वतःच्या तरुणांच्या फळीतून, युवा पलटणमधून, वर आलेली. त्यांच्यावर बोली लागलेली नव्हती. नव्या तरुण खेळाडूंना लिलावाच्या बाहेर, ठरलेल्या आणि तुलनेने कमी मानधनावर करारबद्ध करायची सोय नियमात आहे, त्या वाटेने ती आली.

अस्लमची चढाई पाहिली नसेल तर सांगतो. तो दांडगा नाही. मध्यरेषा ओलांडल्यावर घाई करत नाही. हूल देतो, थबकतो, बचाव करणारा पुढे येईपर्यंत वाट पाहतो आणि त्याने पाऊल टाकलं की त्याच पावलाला हात लावून परततो. वडिलांचं छत्र लवकर हरपलेलं, घरची परिस्थिती बेताची, त्यातून तो इथवर आला, हे त्याच्याबद्दल पुष्कळदा छापून आलं आहे. ते मी जास्त उगाळणार नाही. गरिबीचं कौतुक करायला आपल्याला आवडतं, पण गरिबीने कुणाला चढाई शिकवली असं मला दिसलेलं नाही. मैदानाने शिकवली. मैदान त्याला मिळालं, ही खरी बातमी.

त्या वर्षी ही दोन पोरं धावली आणि रडतखडत चाललेली पलटण बाद फेरीत गेली. तिथे हरली, पण व्यवस्थापनाला एक गोष्ट कळली असावी, कारण पुढच्या वर्षी त्यांनी बडी चढाईची नावं सोडून दिली आणि पोरं राखली. मला त्यांची खेळी पटली ती इथे. चढाईला घरची पोरं ठेवली आणि पैसा बचावावर घातला. २०२२ च्या लिलावात इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली एक कोटी अडतीस लाखांना घेतला, त्याच्या सोबत त्याचाच देशबांधव मोहम्मद नबीबख्श सत्त्याऐंशी लाखांना. पोरांना सांभाळायला दोन वडीलधारे आणल्यासारखं. त्या वर्षी डिसेंबरात मुंबईला अंतिम सामना झाला. जयपूरकडून २९–३३ अशी हार झाली. अस्लम आणि मोहित दोघेही जायबंदी होते. घरची पोरं राखण्यातला धोका हा असा. ती सगळी जबाबदारी घेतात, आणि दुखावली की त्यांच्या जागी घालायला बाजारातून काही आणता येत नाही.

इथे थोडं माझ्या धंद्याबद्दल बोलू द्या. कविसंमेलन भरवणाऱ्यांचंही असंच असतं. पन्नास हजारांचं बजेट. त्यातले पस्तीस हजार एका गाजलेल्या कवीच्या पाकिटात. उरलेल्यांत गावातले दहा-बारा कवी, त्यांना शाल, नारळ आणि परतीच्या एस.टी.चं भाडं. गाजलेला कवी रात्री साडेअकराला उभा राहतो, तीन जुन्या कविता म्हणतो, टाळ्या घेतो आणि गाडीत बसतो. मुशायऱ्यातही तेच. सुरुवातीला जी पोरं वाचून जातात, लोक अजून चपला काढून बसत असतात तेव्हा, त्यांच्यातला एखादा दहा वर्षांनी त्या पाकिटाचा धनी होतो. पण त्याला ओळखणारा आयोजक विरळा. मी स्वतः किती तरी वर्षं चपला काढतानाच्या वेळेचा कवी होतो. त्यामुळे पलटणने काय केलं ते मला लवकर समजलं असेल.

आता २०२३ चा ऑक्टोबर. ही गोष्ट मी सविस्तर सांगणार, कारण यात आमच्या हॉटेलात जवळजवळ मारामारी झाली होती.

७ ऑक्टोबरला चीनमधल्या हांगझौला आशियाई खेळांचा कबड्डीचा अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध इराण. सामना २८–२८ वर असताना पवनच्या एका चढाईवरून वाद झाला. गुण कुणाला द्यायचे यावर पंचांचा निर्णय फिरत राहिला, दोन्ही संघ मैदानात बसले, तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३–२९ ने जिंकला. आपल्या संघात अस्लम होता, नाशिकचा आकाश शिंदेही होता. समोर इराणच्या संघात फजल होता आणि मोहम्मदरेझा शादलू होता. आमच्या हॉटेलात त्या दिवशी इराणच्या नावाने जे काही बोललं गेलं ते आकाशवाणीवर सांगता येत नाही.

आणि दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. पलटणने त्याच शादलूला दोन कोटी पस्तीस लाखांना घेतलं. तोपर्यंत कुठल्याही परदेशी खेळाडूला एवढी किंमत मिळाली नव्हती. हॉटेलात पलटणचे चाहते खवळले. काल आपल्या पोरांच्या अंगावर धावून आलेला माणूस आज आपल्या पैशांवर? यू मुम्बावाले तर हसून लोळले. माझा भाचा म्हणाला, "मामू, आता तुमचा सिद्धान्त कुठे गेला? मोठं नाव नको म्हणत होता ना?"

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. पाच कोटींतले दोन कोटी पस्तीस लाख म्हणजे रुपयातले सत्तेचाळीस पैसे. उरले दोन कोटी पासष्ट लाख. अठरातल्या उरलेल्या सतरा जणांत वाटले तर सरासरी पंधरा-साडेपंधरा लाख. या पैशांत बाजारात चांगला चढाईपटू मिळत नाही. पण पलटणला बाजारात जायचंच नव्हतं. अस्लम, मोहित, आकाश शिंदे, पंकज मोहिते, गौरव खत्री, तमिळनाडूचा अभिनेश नादराजन, संकेत सावंत, ही सगळी मंडळी घरात होती आणि अजून महाग झालेली नव्हती. ज्याच्या घरात दाणे भरलेले आहेत त्याने बाजारातून एक चांगला बैल आणला तर त्याला उधळपट्टी म्हणत नाहीत. टायटन्सने बैल आणला तेव्हा कणगी रिकामी होती. दोन्ही बोली सारख्या दिसतात, पण एक नाही. भाच्याला ते पटलं नाही. तो बी.कॉम. आहे, मी बी.ए., त्यामुळे हिशेबात माझं ऐकायचं नाही असं त्याने ठरवलेलं आहे.

पुढे जे झालं ते सर्वांना माहीत आहे. कर्णधार अस्लम. शादलू डावा कोपरा सांभाळायचा आणि मनात आलं की चढाईलाही जायचा. साखळीत पलटण सर्वांत वर राहिली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ ने हरवून पहिल्यांदा विजेती झाली. अंतिम सामन्यात मध्यंतराच्या आधी पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले, तिथे पारडं झुकलं. हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमचं नाव आलं आणि उत्तम बचावपटू म्हणून शादलूचं. हांगझौला समोरासमोर उभे असलेले दोघे आता एकाच तसबिरीत. आमच्या गल्लीत त्या रात्री पेढे वाटले गेले. यू मुम्बावाल्यांनीही खाल्ले, आणि दुसरा मागितला.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण पोरं जिंकली की महाग होतात. हे लिलावाचं खरं दुखणं आहे. शेतकऱ्याने रोप लावायचं, पाणी घालायचं, आणि फळ धरलं की बाजाराने भाव लावायचा. यू मुम्बाने २०१८ मध्ये आपल्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला छत्तीस लाख चाळीस हजारांत घेतलं. त्याने तो हंगाम गाजवला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्स त्याला एक कोटी पंचेचाळीस लाखांना घेऊन गेले. पोराचं भलं झालं, त्यात वाईट काही नाही. चंदगडच्या एका खेड्यातल्या घरात कबड्डीचे दीड कोटी येणं ही आनंदाचीच बाब. पण चाहत्याच्या हातात काय राहिलं? मागच्या वर्षीचं पोस्टर.

पलटणपुढे हाच पेच २०२४ च्या ऑगस्टात आला. जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतके पैसे भरून आपला खेळाडू परत घेता येतो, असा नियम आहे. शादलूवर हरियाणाची बोली दोन कोटी सात लाखांवर थांबली. पलटणने त्याला जाऊ दिलं आणि घरची पोरं राखली. मग काय झालं? हंगाम निम्म्यावर असताना अस्लम जायबंदी होऊन बाहेर बसला आणि पलटण पहिल्या सहांतही आली नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ ला शादलूच्या हरियाणाने पाटण्याला ३२–२३ ने हरवून विजेतेपद घेतलं. कुठे? पुण्यात, बालेवाडीला. पलटणच्या अंगणात येऊन दुसऱ्याच्या वरातीत तो नाचला. आमच्या हॉटेलात त्या रात्री पलटणवाला एकही फिरकला नाही. मी गेलो होतो. चहा थंड होता.

यावरून लोक म्हणतात, शादलूला सोडलं ही घोडचूक. माझं मत वेगळं आहे आणि ते अजून बदललेलं नाही. दोन वर्षांपूर्वीची जी पोरं होती त्यांच्या किमती वाढल्या होत्या. शादलूला ठेवायचं तर त्यांतली तीन-चार सोडावी लागली असती. मग पलटणही टायटन्ससारखी एका माणसाची झाली असती. आणि पाहा, पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, अजय ठाकूर मार्गदर्शक असताना, याच पोरांची पलटण पुन्हा साखळीत अव्वल आली. निर्णायक सामन्यांत चढायांचा भार आदित्य शिंदे या तरुणाने उचलला. तोही याच राखलेल्यांतला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना दबंग दिल्लीशी झाला आणि पलटण २८–३१ अशी तीन गुणांनी हरली. दिल्लीच्या बचावात कोण होता? फजल अत्राचली. आपणच एकदा आणलेला वडीलधारा. नशिबाला विनोदबुद्धी असते, पण ती पुण्याच्या बाबतीत जरा जास्त चालते.

चार हंगामांत तीन अंतिम सामने, एक विजेतेपद. कुणाला हे कमी वाटेल. मी पहिल्या दोन वर्षांचा साक्षीदार आहे, मला कमी वाटत नाही.

पण पलटणवर माझी एक तक्रार आहे, आणि खरं तर त्यासाठीच मी आज बोलायचं कबूल केलं.

आमच्या मोहल्ल्यात एक पोरगा होता. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. उंचीने बेताचा, पण पाय असे की धरायला गेलं तर हातात वारा यायचा. शिवजयंतीच्या, उरसाच्या स्पर्धांत वजनी गटात खेळायचा. पंचावन्न किलोत खेळायला आदल्या दिवशी जेवायचा नाही. वीस-एकवीस वर्षांचा असताना एका मोठ्या शहरात एका संघाच्या निवड चाचणीला गेला. रात्रीच्या एस.टी.ने उभ्याने प्रवास, सकाळी थेट मैदानावर. पाच-सहाशे पोरं आलेली. त्याच्या वाट्याला दोन चढाया आल्या. पहिलीत बोनस घेतला, दुसरीत पकडला गेला. संध्याकाळी यादी लागली, त्यात नाव नव्हतं. परतला. आता वाळूजच्या एका कंपनीत रात्रपाळी करतो. अस्लमची चढाई टीव्हीवर लागली की तो बोलत नाही, नुसता त्याच्या पायांकडे बघतो. एकदा मला म्हणाला, "चाचा, तो थांबतो बघा. मला थांबायला कुणी सांगितलंच नाही."

दोन चढायांत माणूस कळतो का? मला एका मुशायऱ्यात दोन शेरांवर कुणी जोखलं असतं तर मी आज इथे नसतो. ड्राफ्ट असो वा लिलाव, पैसा टाकायची वेळ शेवटी येते. त्याच्या आधी कुणी तरी त्या पोराला वर्षभर पाहिलेलं असावं लागतं. पलटणने अस्लमला पाहिलं, पोसलं, सांभाळलं. त्यांना ही विद्या अवगत आहे. म्हणूनच मागणं त्यांच्याकडे. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे कुणी मागत नाही.

मागणं साधं आहे. बीड, परभणी, जालना, नांदेड इथल्या पोरांनी रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला यावं, यापेक्षा पलटणच्या माणसाने दिवसाच्या गाडीने इकडे यावं. तीन दिवस मुक्काम करावा. आमच्याकडे मैदानं आहेत, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, गावोगावी तालमी आणि मंडळं आहेत. प्रत्येक पोराला दोन नव्हे, वीस चढाया द्याव्यात. जे निवडले जाणार नाहीत त्यांना निदान का निवडलं नाही ते तोंडाने सांगावं. उंची कमी, पाय जड, पकडीत घाई, जे असेल ते. कागदावर यादी चिकटवून निघून जाऊ नये. आणि त्यांतले दोन-तीन, अगदी दोन-तीनच, युवा पलटणच्या अंथरुणावर एखादं वर्ष झोपू द्यावेत. पाच कोटींच्या हिशेबात त्यांचं जेवण कुठेच दिसणार नाही.

मैदानावर रेषा आखायला चुना लागतो, तो मी आणतो. पोरांच्या चहाचं हॉटेलवाल्याने कबूल केलं आहे. अट एकच घातलीय त्याने, यू मुम्बाच्या माणसांनाही बोलवा. तो धंदा करतो, त्याला दोन्ही पक्ष लागतात. माझी हरकत नाही.